ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांचा स्मरणव्यवहार : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
प्रयोगरूप कलांच्या समीक्षेपुढे एक अडचण कायम असते. प्रयोग संपला की समीक्षेचा विषयच नाहीसा होतो आणि मागे उरतात त्या ऐकणाऱ्यांच्या आठवणी. या आठवणींना समीक्षेत सहसा दुय्यम स्थान दिले जाते. चाहत्याचे बोलणे म्हणजे भक्ताचे बोलणे, त्यात चिकित्सा नसते, असे गृहीत धरले जाते. रॉक संगीताच्या बाबतीत हे गृहीतक अधिकच पक्के आहे. अमेरिकेतील 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाच्या श्रोत्यांचा इतिहास पाहिला असता या गृहीतकाचा फेरविचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात या श्रोत्यांच्या आठवणी, आदरांजली आणि मैफलींचे वृत्तांत यांचे समीक्षामूल्य तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
हा वाद्यवृंद 1965 साली कॅलिफोर्नियात स्थापन झाला. प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया यांचे 9 ऑगस्ट 1995 रोजी निधन झाले आणि त्याच वर्षी वाद्यवृंद विसर्जित करण्यात आला. तीस वर्षांत त्याने 2300 च्या आसपास मैफली केल्या. गीतांचा क्रम आधी ठरवून न ठेवणे आणि एकाच गीताचा विस्तार प्रत्येक वेळी निराळ्या रीतीने करणे, ही त्याची ओळख होती. त्यामुळे 'काल काय वाजवले' हा प्रश्न श्रोत्यांच्या दृष्टीने खरोखरीचा प्रश्न ठरला. 1971 च्या ध्वनिमुद्रिकेवरून वाद्यवृंदाने चाहत्यांना आपले पत्ते कळविण्याचे आवाहन केले आणि विखुरलेल्या श्रोत्यांचा एक समूह आकाराला आला. 'डेडहेड' या नावाने तो पुढे ओळखला जाऊ लागला.

ध्वनिफीत : स्मृतीचा पुरावा :
मैफलीत ध्वनिमुद्रण करण्यास बहुतेक कलावंत विरोध करीत. या वाद्यवृंदाने मात्र ते चालू दिले आणि 1984 साली ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र जागाच राखून ठेवली. फितींच्या देवाणघेवाणीचा एक अलिखित दंडक होता : पैसे घ्यायचे नाहीत. ज्याला प्रत हवी असेल त्याने कोरी फीत आणि टपालखर्च पाठवावा, एवढीच अपेक्षा असे. प्रतीवरून प्रत काढताना खरखर वाढत जाई. म्हणून फीत मूळ मुद्रणापासून कितव्या 'पिढी'ची आहे, याची नोंद ठेवली जाई. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत प्रतींची वंशावळ लावतात, त्याच्याशी या पद्धतीचे साम्य उघड आहे. फितींची देवाणघेवाण करणाऱ्यांसाठी 1974 मध्ये 'डेड रेलिक्स' हे पत्रक निघाले, तर 1987 पासून 'डेडबेस' या ग्रंथात प्रत्येक मैफलीच्या गीतक्रमांचे संकलन होऊ लागले.

याचा परिणाम महत्त्वाचा आहे. 'त्या रात्री गार्सिया अप्रतिम वाजले' हे विधान आता केवळ आठवण राहिले नाही. ते फितीशी ताडून पाहता येऊ लागले. दोन मैफलींची तुलना, एखाद्या गीताच्या विस्तारातील बदल, विशिष्ट वर्षाची शैली अशा निकषांवर वाद होऊ लागले. औपचारिक शिक्षण नसतानाही या श्रोत्यांनी तुलनात्मक समीक्षेची साधने घडविली, असे म्हणता येते.

कॉर्नेलची मैफल :
8 मे 1977 रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेली मैफल या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. रविवारची ती रात्र आणि मे महिन्यात बाहेर पडलेला बर्फ आठवणींतून वारंवार येतो. अनेक चाहते हिला वाद्यवृंदाची सर्वोत्तम मैफल मानतात. परंतु या लौकिकाचे श्रेय केवळ वादनाला देता येत नाही. बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेले तिचे ध्वनिमुद्रण असामान्य स्पष्टतेचे होते आणि तिच्या चांगल्या प्रती दूरवर पोहोचल्या. कँटर-जॅक्सन यांच्या फितींचा मोठा साठा 1986 मध्ये लिलावात विकला गेला व त्यानंतर तो चाहत्यांत पसरला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2011 च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत या मैफलीचा समावेश केला आणि 2017 मध्ये ती अधिकृतपणे प्रकाशित झाली. जिची फीत अस्पष्ट आली किंवा निघालीच नाही, ती मैफल तितकीच चांगली असूनही या स्पर्धेतून बाद झाली असणे शक्य आहे. फीत स्मृतीला आधार देते, तशीच ती स्मृतीची निवडही करते.

आदरांजली आणि विस्मरण :
गार्सिया यांच्या निधनानंतर 13 ऑगस्ट 1995 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये हजारो चाहते जमले. 1996 साली त्यांच्या अस्थींचा काही भाग ऋषिकेश येथे गंगेत विसर्जित करण्यात आला. भारताशी असलेला दुवा त्याआधीचाही आहे : मुंबईत जन्मलेले तबलावादक झाकीर हुसेन यांनी याच वाद्यवृंदातील मिकी हार्ट यांच्यासोबत 1976 चा 'डिगा' हा ध्वनिमुद्रित प्रकल्प केला होता.

आदरांजलीच्या भाषेत मात्र काही गोष्टी मागे पडतात. 1987 मधील लोकप्रिय गीतानंतर गर्दी अनावर झाली. जुलै 1995 मध्ये इंडियाना राज्यातील डियर क्रीक येथे जमावाने कुंपण तोडले आणि दुसऱ्या दिवशीची मैफल रद्द करावी लागली. त्यानंतर वाद्यवृंदाने चाहत्यांना उद्देशून खरमरीत खुले पत्र लिहिले. 'आपण सारे एक कुटुंब' या आठवणीशी हा प्रसंग जुळत नाही. म्हणूनच तो विसरता कामा नये. फितीवर वादन उमटते, मोडलेले कुंपण उमटत नाही.

स्मृतीची मालकी :
नोव्हेंबर 2005 मध्ये इंटरनेट आर्काइव्हवरील ध्वनिमुद्रणे उतरवून घेण्याची सोय बंद करण्यात आली. चाहत्यांनी तीव्र निषेध केला. काही दिवसांतच प्रेक्षागृहात केलेली मुद्रणे पूर्ववत खुली झाली; ध्वनिफलकावरून घेतलेली मुद्रणे मात्र फक्त ऐकण्यापुरती राहिली. कायद्याने संगीत कलावंतांचे होते, पण ते जपण्याचे, वाटण्याचे आणि सूचीबद्ध करण्याचे श्रम श्रोत्यांचे होते. या श्रमांना पुढे संस्थात्मक मान्यताही मिळाली. 2008 मध्ये वाद्यवृंदाने आपला संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेला दिला. तिकिटांच्या मागणीसाठी चाहत्यांनी चित्रे काढून पाठविलेली पाकिटेही त्यात जतन केली आहेत.

निष्कर्ष :
1. चाहत्यांच्या आठवणी पुराव्याशी ताडून पाहण्याची सोय असेल, तर त्यांतून समीक्षा निर्माण होऊ शकते.
2. उपलब्ध पुरावा स्वतःच निवडक असतो. त्यामुळे 'सर्वोत्तम' या निवाड्यामागे मुद्रणाचा दर्जा आणि प्रसाराचा इतिहासही तपासावा लागतो.
3. आदरांजलीपर लेखनात समूहाच्या उणिवा झाकल्या जातात. अभ्यासकाने त्या अन्य साधनांतून शोधणे आवश्यक आहे.
4. श्रोता हा संगीताच्या इतिहासाचा केवळ ग्राहक नसून त्याचा संरक्षकही असतो. संगीतसमीक्षेने त्याच्या साक्षीला स्थान द्यावे. मात्र ती साक्ष म्हणून उलटतपासावी, निकाल म्हणून स्वीकारू नये.