गांधारीची पट्टी

गांधारीच्या पट्टीची चर्चा आपल्याकडे बहुधा पातिव्रत्य की निषेध, या एकाच द्वंद्वात अडकते. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला, तरी अपंगत्वाच्या अंगाने ही संहिता वाचणे अद्याप उरतेच. अंधत्वाने धृतराष्ट्राचे राज्य प्रथम हिरावले, विवाह मात्र हिरावला नाही. उलट त्याच्यासाठी डोळस राजकन्या आणली गेली. (वधू जन्मांध असती तर? हा प्रश्न त्या व्यवस्थेला पडणेच शक्य नव्हते.) त्याचे अंधत्व उणीव ठरते, तिने पत्करलेले अंधत्व सद्गुण. त्याला युद्ध सांगायला संजय मिळतो. तिच्यासाठी अशी योजना कोणी केल्याचे दिसत नाही. तिला दिव्यदृष्टी लाभते ती स्त्रीपर्वात, पाहण्यासारखी केवळ प्रेते उरल्यावर. पण तिथे ती स्वतः पाहते आणि कृष्णापुढे स्वतःच बोलते, हे महत्त्वाचे.

आश्रमवासिकपर्वातील वनप्रस्थानाचे चित्र मला याहून बोलके वाटते. पुढे कुंती, तिच्या खांद्यावर गांधारीचा हात, आणि गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा. अंध पुरुषाला आधार पट्टी बांधलेल्या पत्नीचा, आणि तिला विधवा जावेचा.