राखणदाराचे शौर्य : थोरातांच्या आत्मचरित्रातील कोरिया

लेफ्टनंट जनरल शं. पां. थोरात यांच्या 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' (१९८६) या आत्मचरित्राची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच अंगाने होते. ईशान्य सीमेवरील धोक्याचा इशारा त्यांनी वेळीच दिला, दिल्लीने तो मनावर घेतला नाही आणि १९६२ घडले. हे खरेच आहे. परंतु त्यामुळे कोरियाचे प्रकरण झाकोळले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते थोरातांमधील सेनानीची खरी कसोटी तेथेच लागली.

साम्यवादाचा विस्तार रोखण्यासाठी अमेरिका १९५० साली संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली कोरियात उतरली. जुलै १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली, तरी मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यांच्या राखणीसाठी भारताने सुमारे सहा हजारांचे दल पाठविले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, तर दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी या दलास आपल्या भूमीवर उतरू दिले नाही. अमेरिकी हेलिकॉप्टरांतून त्याला निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. तटस्थतेचा प्रवास असा एका पक्षाच्याच वाहनातून झाला.

अमेरिकी बाजूने सोपविलेले कैदी साडेबावीस हजारांवर होते. सप्टेंबरअखेर साम्यवादविरोधी चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना कुंपणाआड ओलीस धरले. थोरात स्वतः आत गेले आणि बोलणी करून त्यांना सुखरूप बाहेर घेऊन आले. पुढे आठवडाभरातच मात्र दंगल शमविण्यासाठी गोळीबार करावा लागला व काही कैदी मृत्युमुखी पडले. या दोन्ही घटना शेजारी ठेवूनच हे प्रकरण वाचले पाहिजे. पहिलीवरच थांबणारा वाचक वीरकथा वाचतो, चरित्र नव्हे.

आत्मचरित्र सेनापतीच्या जागेवरून लिहिलेले असते. ती त्याची शक्ती, तशीच मर्यादाही. 'स्वेच्छा' हा शब्द दोन्ही पक्षांच्या ओठी होता. परंतु छावण्यांतील म्होरक्यांच्या दहशतीमुळे बहुसंख्य कैदी समजावणीसाठी पुढे आलेच नाहीत. जानेवारी १९५४ मध्ये ते पुन्हा अमेरिकी बाजूकडे सोपविले गेले. दाराची राखण करता आली, मनाची नाही. ही बाजू जाणून घेण्यासाठी थिमय्यांचे 'एक्सपेरिमेंट इन न्यूट्रॅलिटी' सोबत वाचावे.

देवास गेटच्या परिसरात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींपैकी अनेकांचे पूर्वज शिंद्यांच्या लष्कराबरोबर मालव्यात आले. शौर्य म्हणजे चढाई, हा संस्कार आमच्या वाचनातही मुरलेला आहे. चढाई नाही, विजय नाही, प्रदेश जिंकणे नाही, अशा कामगिरीला शौर्य म्हणण्यास तो आडवा येतो. भारतीय दलाबरोबर ८८ कैदी भारतात आले, कारण त्यांना दोन्हींपैकी कोणताच पक्ष नको होता. त्यांना तिसरी वाट मिळाली, ती या राखणदारांमुळे. आत्मचरित्राचे मूल्यमापन करताना एवढी नोंद तरी झालीच पाहिजे.