तंजावरचा भोसलेवंशलेख : एक फेरपरीक्षण

गेल्या ज्येष्ठ महिन्यांत तंजावर येथें आठ दिवस राहण्याचा योग आला. सरस्वतीमहालांतील दोन पोथ्या पाहाव्या एवढाच मूळ उद्देश होता व तो कसाबसा साधला. परंतु प्रस्तुत टिपण त्या पोथ्यांसंबंधीं नाहीं. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर शके १७२५ (इ. स. १८०३) मध्यें जो विस्तीर्ण मराठी लेख कोरविलेला आहे, त्यासंबंधीं तें आहे. हा लेख मीं आजवर केवळ छापील पुस्तकावरून वाचला होता, आणि भोसले कुळाच्या मूळपीठिकेविषयीं पूर्वीं एक टिपण लिहितांना 'अस्सल शिलालेख' असें म्हणून त्याचा आधारही घेतला होता. भिंतीसमोर उभें राहून तो पाहिल्यावर माझें मत बदललें. तें कां बदललें, हें वाचकांपुढें ठेवणें माझें कर्तव्य आहे.

प्रथम स्थळाविषयीं दोन शब्द. तंजावरचे कोट दोन. थोरल्या कोटांत राजवाडा व त्याच्या चहूं बाजूंच्या राजवीथी. धाकट्या, म्हणजे शिवगंगेच्या कोटांत बृहदीश्वराचें देवालय, शिवगंगा तलाव आणि श्वार्ट्झ पाद्र्याचें प्रार्थनामंदिर. तटाचा बराच भाग थोरल्या बाजूस नाहींसा झाला आहे. तरी खंदक अद्याप ओळखूं येतो, आणि रस्त्यांच्या नांवांत राजवीथी शिल्लक आहेत. नायकांनीं १५३२ पासून १६७३ पर्यंत येथें राज्य केलें, पुढें १६७५ च्या सुमारास एकोजी राजे आले, आणि १८५५ मध्यें दुसरे शिवाजी महाराज निपुत्रिक वारल्यावर कंपनीनें संस्थान खालसा केलें. राजवाड्याची मूळ बांधणी नायकांची व भर भोसल्यांची. एकाच दालनांत दोन राजवटींचे हात शेजारींशेजारीं दिसतात.

येथें येणाऱ्या महाराष्ट्रीय यात्रेकरूस वाटाडे दोन गोष्टी हटकून सांगतात. पहिली, बृहदीश्वराच्या विमानाची सावली जमिनीवर पडत नाहीं. मी सकाळीं सात वाजतां त्या सावलींतच उभा होतों. ती पश्चिमेच्या आवारांत चांगली लांबवर पसरली होती. दहा वाजल्यानंतर फरसबंदीवर अनवाणी पाय ठेववेना, तेव्हां तीच सावली शोधीत फिरावें लागलें. दुसरी गोष्ट सांबाराची. संभाजी महाराज तंजावरास आले, त्या दिवशीं मुदपाकखान्यांत आमसूल नव्हतें, म्हणून चिंच घालून आमटी केली व तिला पाहुण्यांचें नांव दिलें, अशी ती कथा आहे. तिच्या पुष्ट्यर्थ एकही समकालीन कागद आजवर पुढें आलेला नाहीं. एकोजी राजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ पंडित नवहस्त यांनीं भोजनकुतूहल हा अन्नपदार्थांवरील संस्कृत ग्रंथ लिहिला. तंजावरच्या पाकशाळेविषयीं ज्यास खरोखर जिज्ञासा असेल त्यानें तो वाचावा. वाटाड्यांस मी दोष देत नाहीं. ते पोटासाठीं बोलतात, आणि ऐकणाऱ्यास काय रुचतें तें त्यांस पक्कें ठाऊक असतें. आपण मात्र पोटासाठीं लिहीत नाहीं; आणि तरीही भोसलेवंशलेखाच्या बाबतींत आपण फारसें वेगळें वागलों आहों असें मला म्हणवत नाहीं.

या देवळाच्या भिंती म्हणजे एक मोठें दफ्तर आहे. राजराज चोळानें १०१० मध्यें देवालय पुरें केलें, आणि देवास जें जें दिलें तें तें दगडावर कोरवून ठेविलें. हुल्श यांनीं हे लेख संपादून प्रसिद्ध केले, त्यासही आतां शंभरांहून अधिक वर्षें झालीं. त्यांत दागिन्यांचीं वजनें आहेत, आणि वजनें कोणत्या मापानें घेतलीं त्या मापाचेंही नांव आहे. निरनिराळ्या गांवांच्या देवळांतून आणून वसविलेल्या चारशें देवदासींचीं नांवें आहेत. कोणत्या रांगेंत कितवें घर कोणाचें, हेंही नमूद आहे. प्रत्येकीस सालीना शंभर कलम भाताची नेमणूक आहे. असा लेख घडल्या गोष्टीची हकीगत सांगत नाहीं. तो स्वतःच ती गोष्ट आहे. दान दिलें त्याचाच तो कागद, फरक इतकाच कीं कागद दगडाचा आहे. म्हणूनच त्याचें प्रामाण्य मोठें.

आतां त्याच प्राकारांत, त्याच जातीच्या दगडावर आठ शतकांनंतर कोरलेला आपला मराठी लेख घ्या. कर्ते बाबूराव चिटणीस, आज्ञा सरफोजी महाराजांची, लिपि बाळबोध. आरंभ पुराणोक्त वंशपरंपरेनें होतो, मग उदेपूरच्या घराण्याशीं संबंध जोडला जातो. पुढें मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी असा क्रम लागून तंजावरच्या एकेका राजाचें वृत्त येतें आणि सगळा ओघ अखेरीस सरफोजी महाराजांच्या राज्यप्राप्तीस येऊन मिळतो. रचना पाहतां ही सरळ सरळ बखर आहे. चिटणिसानें ती आधीं कागदावर, बहुधा मोडींत, लिहिली असावी व मग बाळबोधींत उतरवून पाथरवटाच्या हवालीं केली असावी. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद राहत नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. मोडीवरून नागरींत आलेल्या मजकुराचे जे रोग असतात, ते याही लेखांत शोधले पाहिजेत.

सारांश, हा कोरलेला ग्रंथ आहे. कागदावरची बखर असती तर आपण विचारलें असतें: कर्ता घटनेपासून किती दूर, त्याचा धनी कोण, त्यास माहिती कोठून मिळाली? मालोजीच्या बाबतींत कर्ता दोनशें वर्षें दूर आहे. शहाजी राजांच्या बालपणाविषयीं त्याच्यापुढें काय साधन होतें, तें तो सांगत नाहीं. एकोजींच्या तंजावरप्रवेशाविषयीं त्याच वेळचीं मदुरा मिशनमधील जेझुइटांचीं पत्रें आहेत. तीं परकी व परधर्मी लोकांचीं म्हणून सावधपणें वाचावीं लागतात, पण तीं त्या सुमारास लिहिलेलीं आहेत. बाबूरावांचा मजकूर सव्वाशें वर्षांनंतरचा आहे. असें असतां आपल्यांतील कित्येक जण, आणि मी त्यांतलाच एक, दोहोंत विरोध आला कीं 'शिलालेखाचें प्रमाण बलवत्तर' असें लिहून मोकळे होतों. दगडाचें टिकाऊपण आणि मजकुराचें खरेपण यांत आमची गल्लत झाली. 'जगांतील सर्वांत मोठा शिलालेख' हें जें बिरुद त्यास लावण्यांत येतें, त्यानेंही या गल्लतीस हातभारच लागला आहे. लांबीवरून ग्रंथाचें प्रामाण्य ठरत असतें, तर महाराष्ट्रांतील कांहीं बखरकारांना व्यासांच्या शेजारीं बसवावें लागेल.

हा लेख १८०३ मध्येंच कां कोरला गेला, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १७८७ च्या आरंभीं तुळजाजी महाराजांनीं मृत्यूपूर्वीं थोडे दिवस सरफोजींस दत्तक घेतलें. सरफोजी तेव्हां दहाव्या वर्षांत होते. मद्रासचे गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनीं पंडितांचें मत घेतलें आणि दत्तविधान अशास्त्र ठरून प्रतापसिंहांचे पुत्र अमरसिंह गादीवर बसले. आक्षेप मुख्यतः तीन होते: तुळजाजींची बुद्धि ठिकाणावर नव्हती, मुलाचें वय अधिक होतें, आणि मुलगा जनक पित्याचा एकुलता एक होता. पुढें श्वार्ट्झ यांनीं सरफोजींची बाजू उचलून धरली, पंडितांचीं नवीं मतें मागविलीं गेलीं, आणि तीं पूर्वींच्या उलट पडलीं. जून १७९८ मध्यें सरफोजी गादीवर आले. लगेच दुसऱ्या वर्षीं, १७९९ च्या तहानें, सालीना एक लक्ष होन व निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा घेऊन त्यांनीं राज्यकारभार कंपनीच्या हवालीं केला. त्यांचेकडे किल्ला व भोंवतालचा थोडा प्रदेश तेवढा राहिला.

एकुलत्या पुत्राच्या दत्तकाचा मुद्दा शास्त्रदृष्ट्या मोठा रंजक आहे. निषेधाचें मूळ वसिष्ठाच्या सूत्रांत आहे. नंदपंडितांनीं दत्तकमीमांसेंत तो कडक अर्थानें घेतला. पण निषेधाबरोबरच त्याचें कारणही दिलेलें असलें, म्हणजे मीमांसक विचारतो: हा विधि कीं अर्थवाद? विधि असल्यास कृत्य निष्फळ. अर्थवाद असल्यास कृत्य घडलें तें घडलेंच. हाच वाद पुढें सबंध हिंदुस्थानाकरितां प्रिव्ही कौन्सिलनें १८९९ मध्यें मिटविला आणि असें दत्तक वैध ठरविलें. १७८७ चे पंडित लांचखाऊ होते किंवा १७९८ चे लांचखाऊ होते, असें निकाल देणारे लेखक दोन्ही पक्षांकडे आहेत. दोन्ही मतांना शास्त्रांत जागा होती, हें त्यांच्या ध्यानीं आलेलें दिसत नाहीं.

या पार्श्वभूमीवर लेख पुन्हां वाचावा. ज्याचा गादीवरील हक्क अकरा वर्षें नाकारला गेला व ज्याचें राज्य वर्षाभरांत गेलें, तो राजा चार वर्षांनीं आपली वंशावळ देवासमोरच्या भिंतीवर कोरवितो. चोळ राजास आपण कोणाचे पुत्र, हें इतक्या पसाऱ्यानें सांगण्याची गरज नव्हती, सरफोजींस होती. पुराणांपासून उदेपूरपर्यंत आणि उदेपूरपासून तंजावरपर्यंत जो धागा ओढला आहे तो अर्थवाद आहे. विधि एवढाच कीं, 'सरफोजी हे या गादीचे खरे धनी.' याच धाकट्या कोटांत, देवळापासून हाकेच्या अंतरावर, श्वार्ट्झच्या प्रार्थनामंदिरांत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून सरफोजींनींच करविलेला संगमरवरी देखावा आहे: पाद्री मृत्युशय्येवर, आणि राजा त्याचा हात धरून उभा. लेखांत कुळाचा हक्क आहे, तर त्या देखाव्यांत ज्याच्या खटपटीनें हक्क मिळाला त्याचें ऋण आहे. दोन्ही एकाच राजाचीं वचनें म्हणून जोडीनें वाचलीं पाहिजेत. आपले अभ्यासक पहिलें पाहून परत फिरतात. दुसऱ्याकडे सहसा कोणी जात नाहीं.

याचा अर्थ लेख टाकाऊ आहे असा मुळींच नव्हे. १८०३ च्या तंजावरी मराठीचा नमुना म्हणून, आणि आपण कोण आहों याविषयीं त्या दरबाराची समजूत काय होती याचा पुरावा म्हणून, तो अमोल आहे. या काळांत दरबार मराठींत नवें कांहीं करूं पाहत होता. १८०६ मध्यें सख्खन पंडितांनीं केलेलें इसापनीतीचें मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' तेथेंच छापून निघालें, तेंही पुण्यामुंबईस मराठी छपाई रुळण्याच्या पुष्कळ आधीं. त्याही पूर्वीं शहाजी महाराजांनीं (१६८४-१७१२) लक्ष्मीनारायणकल्याणासारखीं मराठी नाटकें रचलीं. १८६४ च्या सुमारास मोरगांवकर रामचंद्रबुवा तंजावरास आले. त्यांच्या कीर्तनानें तमिळ हरिकथेस वळण दिलें. साकी आणि दिंडी आजही तमिळ भागवतांच्या तोंडीं आहे. मुक्कामाच्या चौथ्या दिवशीं एका घरीं अशी हरिकथा ऐकली. निरूपण तमिळ, मला एक अक्षर कळेना; आणि मध्येंच दिंडीची चाल निघाली तेव्हां शेजारचे एक वृद्ध गृहस्थ त्यांच्या दक्षिणी मराठींत मला म्हणाले, ही तुमचीच. मीं म्हटलें, आतां तुमची.

भोसल्यांच्या तंजावरचा इतिहास ज्यास लिहावयाचा आहे त्यानें सरस्वतीमहालांतील मोडी रुमालांकडे वळावें. तेथें हिशेब आहेत, नेमणुका आहेत, अर्ज आहेत. लिहिणाऱ्यास आपण इतिहास लिहीत आहों असें ठाऊकही नव्हतें, आणि तेंच त्या कागदांचें बळ. तेथील तमिळ विद्यापीठानें या मोडी कागदांचें तमिळ भाषांतर १९८९ मध्यें प्रसिद्ध केलें. मराठी कागद तमिळांत जाऊन इतकीं वर्षें झालीं. आपल्याकडील किती जणांनीं तें चाळलें असेल? वंशलेखाचें सरस्वतीमहालानें छापलेलें पुस्तक १९५१ चें आहे. मूळ भिंतीचे ठसे किंवा उत्तम छायाचित्रें घेऊन, ओळीस ओळ लावून, पाठभेद दाखवून नवी आवृत्ति व्हावयास हवी. देवळांत मोबाईल यंत्र नाहीं असा यात्रेकरू मला दिसला नाहीं. ते सर्व विमानाचें चित्र घेत होते. भिंतीसमोर मीं चार सकाळी काढल्या. तेवढ्यांत माझ्याखेरीज तेथें एकच मनुष्य थांबला, आणि तोही सावलीसाठीं.

माझ्या पूर्वीच्या टिपणांत या लेखावरून दोन विधानें केलीं होतीं: एक, उदेपूरसंबंध 'शिलालेखानें सिद्ध' आहे, दुसरें, मालोजींच्या काळचा जो वृत्तांत लेखांत आला आहे त्यास स्वतंत्र पुराव्याचें मोल आहे. दोन्ही मी परत घेतों. उदेपूरसंबंधाविषयीं या लेखावरून इतकेंच म्हणतां येतें कीं शके १७२५ मध्यें तंजावर दरबार तो मानीत होता. मालोजींविषयीं त्यावरून कांहींच म्हणतां येत नाहीं. तें टिपण यापुढें कोणीं आधारास घेऊं नये, अशी विनंती आहे.