३३७ टनांचा हिशेब

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळहून १२ बंदिस्त कंटेनर निघाले आणि सुमारे २५० किलोमीटरवरील पीथमपूरला पोहोचले. त्यांत युनियन कार्बाईडच्या बंद कारखान्यातील ३३७ टन कचरा होता. आधी चाचण्या झाल्या आणि मग जूनच्या अखेरीस हा सगळा कचरा भट्टीत जाळून संपला. चाळीस वर्षांनी भोपाळचा विषारी कचरा नष्ट झाला, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. अनेक शाळांत ही बातमी फळ्यावरही लिहिली गेली असेल.

बातमी खरी आहे. आमचा आक्षेप आहे तो तिच्यातून वाचकाच्या मनात उतरणाऱ्या निष्कर्षाला. ‘कचरा हलवला’ आणि ‘जागा साफ झाली’ ही दोन वेगवेगळी विधाने आहेत. पहिले विधान वजनकाट्यावर तपासता येते. दुसरे तपासायचे तर मातीत आणि भूजलात उतरावे लागते.

हा विषय आम्ही जालना एमआयडीसीच्या परिसरातील शिक्षक व विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून मांडत आहोत. जालन्याचे नाव आहे ते पोलादाच्या सळयांसाठी आणि बियाण्यांसाठी. भोपाळसारखा कीटकनाशकांचा उजाड कारखाना तेथे आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण कारखान्यांच्या शेजारी काळी जमीन, तिच्याखाली मुरूम व भेगाळ खडक, आणि त्या खडकातील पाण्यावर चालणाऱ्या विहिरी व बोअर, ही रचना जालन्यात आहे. भोपाळमध्ये ज्या प्रश्नांवर शास्त्रज्ञ अडखळले, ते प्रश्न अशा कोणत्याही गावाला समजून घेण्यासारखे आहेत.

वायू गेला, कचरा राहिला

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर करू. भोपाळची माती दूषित झाली ती २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुटलेल्या वायूमुळे, असे अनेकांना वाटते. तो वायू, म्हणजे मिथिल आयसोसायनेट, पाण्याशी झपाट्याने अभिक्रिया करतो. ओल्या मातीत तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहू शकत नाही.

मातीतील दूषण त्या रात्रीच्या आधीचे आहे. १९६९ पासून या कारखान्यात कीटकनाशके तयार होत होती. सेविन (रासायनिक नाव कार्बारिल) हे त्यांतले मुख्य. सेविन आणि लिंडेन यांच्या मिश्रणाला सेव्हिडॉल म्हणत. उरलेला गाळ, वाया गेलेला माल आणि सांडलेली रसायने आवारातच खड्ड्यांत टाकली जात. १९७७ मध्ये सांडपाणी उन्हाने आटवण्यासाठी कारखान्याच्या उत्तरेला प्लॅस्टिकचा कागद अंथरून तळी बांधली. या तळ्यांना गळती लागल्याची नोंद १९८२ मध्ये कंपनीच्याच पत्रव्यवहारात आहे. म्हणजे दुर्घटना घडली नसती, तरी मातीचा प्रश्न उभा राहिलाच असता.

या रसायनांचे स्वभावही सारखे नाहीत. सेविन पाण्यात, विशेषतः अल्कधर्मी पाण्यात, लवकर विघटित होते. लिंडेन ज्यातून काढतात ते बीएचसी मात्र मातीच्या कणांना चिकटून अनेक वर्षे टिकते. आपल्या शेतकऱ्यांना ते ‘बीएचसी पावडर’ म्हणून चांगले माहीत होते. भारतात त्यावर १९९७ मध्ये बंदी आली. पारा तर मूलद्रव्यच. त्याचे विघटन होण्याचा प्रश्नच नाही.

अकरा लाखांतले तीनशे सदतीस

आता आकड्यांकडे वळू. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० मध्ये या जागेचा अहवाल दिला. उपाययोजना करावी लागेल अशी दूषित माती त्यांनी ११ लाख टन धरली आहे. पीथमपूरला गेलेला कचरा ३३७ टन. ३३७ ला ११,००,००० ने भागून टक्केवारी काढली, तर ती ०.०३ येते. दहा हजार किलो मातीमागे तीन किलो, असे हे प्रमाण.

दुसरे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. पीथमपूरच्या भट्टीत ताशी २७० किलो या वेगाने कचरा जाळला. याच वेगाने रात्रंदिवस ११ लाख टन माती जाळायची म्हटली, तर किती वर्षे लागतील? उत्तर ४६५ वर्षांच्या आसपास येते. अर्थात सगळी माती जाळावी असे कोणी सुचवलेले नाही. २०१० च्या अहवालानेही मातीसाठी सुरक्षित भरावाचाच मार्ग सांगितला होता. पण डोळ्यांत भरणारे काम आणि बाकी असलेले काम यांच्यातले अंतर या भागाकारातून कळते.

जाळण्याबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. भट्टीत सेंद्रिय रेणू मोडतात, पण अणू मोडत नाहीत. कचऱ्यात पारा किंवा शिसे असेल, तर ते धुरात, राखेत किंवा धूर धुतलेल्या पाण्यात येणारच. आम्लयुक्त वायू शोषण्यासाठी चुना घालावा लागतो, त्याचेही वजन वाढते. त्यामुळे ३३७ टन जाळून साडेआठशे टनांहून अधिक राख व अवशेष उरले, आणि ते कोठे पुरायचे हा नवा वाद न्यायालयात गेला. पीथमपूर ही आपल्या एमआयडीसीसारखीच औद्योगिक वसाहत आहे. कंटेनर पोहोचले तेव्हा तेथील लोक रस्त्यावर उतरले ते आपल्या पाण्याच्या काळजीने. द्रव्य अविनाशी आहे हा धडा आपण आठवी-नववीत शिकवतो. त्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

तेवीस वर्षांचा अंदाज

आमच्या टीकेचा मुख्य भाग येथून सुरू होतो. १९९७ च्या अहवालात नीरीने आवारात अनेक ठिकाणी माती दूषित असल्याचे नोंदवले, पण भूजल दूषित झालेले नाही असा निष्कर्ष काढला. वरच्या चिकणमातीतून दूषित द्रव्य भूजलापर्यंत पोहोचण्यास सुमारे २३ वर्षे लागतील, असा अंदाजही दिला. याच कामाची तपासणी आर्थर डी. लिटल या अमेरिकन सल्लागार कंपनीने कार्बाईडसाठी केली होती. परिस्थिती सर्वांत वाईट धरली तर हा काळ २ वर्षांइतका कमी असू शकेल, असा इशारा तिने दिला होता.

एकीकडे २३ आणि दुसरीकडे २. एवढा फरक कसा पडतो? हे गणित तत्त्वतः साधे आहे. मातीच्या थराची जाडी भागिले पाणी झिरपण्याचा वेग, म्हणजे लागणारा काळ. जाडी मोजता येते. अडचण वेगाची आहे. प्रयोगशाळेत दाबून भरलेल्या चिकणमातीतून पाणी वर्षाला काही सेंटीमीटरच सरकते. पण जमीन म्हणजे प्रयोगशाळेतील नळी नव्हे. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी मातीच्या कणाकणातून झिरपत बसत नाही, ते भेगांतून थेट खाली जाते. माती फुगून भेगा मिटेपर्यंत बरेच पाणी खाली उतरलेले असते. जुन्या मुळांच्या वाटा, उंदरांची बिळे, बोअरच्या केसिंगभोवतीची पोकळी या आणखी काही वाटा.

गणितात घेतलेला वेग कोणत्या मातीचा, हे जोपर्यंत सांगितले जात नाही, तोपर्यंत ‘२३ वर्षे’ या आकड्याला अर्थ नाही. शिवाय कालगणना कधीपासून? कचरा टाकण्यास १९६९ मध्ये सुरुवात झाली असेल, तर तेवीस वर्षे १९९२ मध्येच संपतात! म्हणजे अंदाज अगदी बरोबर धरला, तरी १९९७ मध्ये निश्चिंत राहण्यास आधार नव्हता. पुढे १९९९ मध्ये ग्रीनपीसच्या शास्त्रज्ञांनी परिसरातील हातपंपांचे पाणी तपासले, तेव्हा त्यात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराईड आणि क्लोरीनयुक्त बेंझिने आढळली.

तळाला जाऊन बसणारे द्रावक

पाण्यात सापडलेली ही रसायने प्रामुख्याने द्रावके आहेत. त्यांची घनता पाहा: क्लोरोफॉर्म १.४८, कार्बन टेट्राक्लोराईड १.५९, डायक्लोरोबेंझीन १.३०. पाण्याची १. रॉकेल विहिरीत सांडले तर वर तरंगते, दिसते, वासही येतो. ही द्रावके पाण्यातून खाली बुडतात, खडकाच्या भेगांत उतरतात आणि खोलगट जागी साचून राहतात. तेथून ती थोडी थोडी विरघळत राहतात. विद्राव्यता कमी, म्हणून साठा दीर्घकाळ पुरतो. आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादा अतिसूक्ष्म, म्हणून थोडेसे विरघळलेलेही अपायकारक ठरते.

भूजल उपसून शुद्ध करण्याचा उपाय जगभर वापरला जातो. त्याची मर्यादा वर्गात दाखवता येईल. नीळ भिजलेले जाड फडके बादलीभर पाण्यात पिळा. पाणी बदलून पुन्हा पिळा. पहिल्या दोन-तीन वेळा रंग झपाट्याने कमी होतो, नंतर फिका रंग येतच राहतो. रात्रभर फडके पाण्यात ठेवले तर सकाळी रंग पुन्हा गडद! पंप थांबवल्यावर विहिरीतील दूषण पुन्हा वाढते, ते असेच. स्पेनमधील साबिन्यानिगो येथे लिंडेनच्या एका कारखान्याने दोन कचराभूमी मागे ठेवल्या. कारखाना बंद होऊन तीन दशके उलटली, तरी तेथे जड तेलकट द्रव खडकातून उपसण्याचे काम चालूच राहिले. भूजलाच्या बाबतीत ‘साफसफाई पूर्ण’ हे शब्द जपून वापरायला हवेत, ते यासाठी.

‘आढळले नाही’ म्हणजे काय?

२०१० च्या अहवालानेही भूजल सर्वसाधारणपणे दूषित नाही, दूषण निवडक विहिरींपुरते आहे, असेच म्हटले. पण २००४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने परिसरातील वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश दिला होता. पुढे लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीतून २०१८ पर्यंत दूषित भूजलाच्या वस्त्यांची संख्या ४२ वर गेली. यावरून नीरीचे शास्त्रज्ञ अकुशल होते असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. नमुने कोणत्या विहिरींचे, किती खोलीवरचे, पावसाळ्याआधीचे की नंतरचे, आणि कोणत्या रसायनांसाठी तपासले, यांवर उत्तर बदलते. ज्या रसायनाची तपासणीच केली नाही, ते अहवालात कसे आढळणार?

आमचा आक्षेप या संस्थांच्या हेतूबद्दल नाही. गृहीतके मागे राहतात आणि निष्कर्ष तेवढा पुढे जातो, याबद्दल आहे. ‘भूजल सुरक्षित’ हे दोन शब्द मंत्रालयापर्यंत आणि वर्तमानपत्रापर्यंत जातात. ‘अमुक गृहीत धरल्यास’ हे शब्द परिशिष्टातच राहतात. मधल्या वर्षांत लोक हातपंपाचे पाणी पीत राहतात. भोपाळमध्ये नेमके हेच झाले, आणि ज्यांनी ते पाणी प्यायले त्यांना नंतरच्या अहवालाचा उपयोग नव्हता.

जालन्यात करता येण्याजोगे

शाळेच्या प्रयोगशाळेत कीटकनाशके मोजता येत नाहीत, त्याला वायुवर्णलेखनासारखी उपकरणे लागतात. विद्यार्थ्यांनी कारखान्यांजवळची माती किंवा कचरा हाताळूही नये. परंतु भूजल कोणत्या दिशेने वाहते, हे मात्र शाळेला शोधता येईल.

एकाच भागातील, एका रेषेत नसलेल्या तीन विहिरी निवडाव्यात. मोटारी सुरू होण्यापूर्वी, सकाळी लवकर, मोठ्यांच्या देखरेखीखाली, दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. तिन्ही काठांची एकमेकांशी तुलनात्मक उंची हवी. ती गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने टप्प्याटप्प्याने काढता येते. मग कागदावर त्रिकोण काढून सर्वांत उंच व सर्वांत खालच्या पातळीला जोडणाऱ्या बाजूवर मधल्या पातळीचा बिंदू शोधावा. तो बिंदू आणि मधली विहीर यांना जोडणारी रेषा ही समान पातळीची रेषा. पाणी तिच्याशी काटकोनात, उताराकडे वाहते. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांच्या वाटेने जाते, म्हणून हे उत्तर ढोबळ समजावे. मे आणि ऑक्टोबर अशा दोन्ही वेळी मोजल्यास बदलही कळेल.

अशी पाच-दहा वर्षांची वही एखाद्या शाळेकडे असेल, तर उद्या कोणी अहवाल घेऊन आला आणि कारखान्याच्या वरच्या बाजूच्या विहिरीचे पाणी स्वच्छ असल्याचे सांगू लागला, तर वहीचे पान उघडून त्याला विचारता येईल: खालच्या बाजूच्या विहिरीचे काय?