'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मधील रानडुकराची शिकार आणि रात्र : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
विल्यम गोल्डिंग यांची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९८३ मध्ये गोल्डिंग यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. जी. ए. कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे ही कादंबरी मराठी वाचकांनाही परिचित आहे. युद्धकाळात विमान कोसळून निर्जन बेटावर अडकलेल्या इंग्रज मुलांची ही कथा आहे. मनुष्यातील उपजत दुष्टतेचे रूपक म्हणून तिची चर्चा विपुल झाली. तथापि ज्या कृतीतून हे रूपक घडते, त्या रानडुकराच्या शिकारीकडे स्वतंत्रपणे पाहिले गेल्यास वेगळा अर्थ हाती येतो. प्रस्तुत लेखात शिकार आणि रात्र यांचा कादंबरीतील संबंध तपासला आहे.

शिकारीचे टप्पे :
कादंबरीतील शिकार टप्प्याटप्प्याने बदलत जाते. पहिल्या प्रकरणात वेलींत अडकलेले पिल्लू समोर असूनही जॅकचा सुरी धरलेला हात थबकतो आणि पिल्लू निसटते. जिवंत देहावर घाव घालणे म्हणजे काय, याची जाणीव त्या क्षणी त्याला असते. चौथ्या प्रकरणात तो चेहरा मातीने व कोळशाने रंगवतो; मुखवट्याआड गेल्यावर लाज आणि संकोच दोन्ही गळून पडतात. याच दिवशी पहिले डुक्कर मारले जाते आणि शिकाऱ्यांनी राखायचा जाळ विझल्यामुळे दूरून जाणारे जहाज निघून जाते. मांस मिळते, सुटका हुकते. सातव्या प्रकरणात रॉबर्टला डुक्कर बनवून शिकारीचे सोंग रचले जाते आणि विवेकी राल्फही त्या धुंदीत ओढला जातो. आठव्या प्रकरणात पिल्लांना पाजणारी डुकरीण मारली जाते आणि तिचे मुंडके काठीवर खोचून अज्ञात 'पशू'ला अर्पण केले जाते. येथे शिकार भुकेपासून सुटून भयाच्या पूजेकडे वळते.

रात्रीचे स्थान :
येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वाचकाच्या डोळ्यांसमोर एकही डुक्कर रात्री मारले जात नाही. दिवसा डुक्कर मरते. अंधारात मरतो तो सायमन. डोंगरावरचा 'पशू' म्हणजे हवाई छत्रीला अडकलेले मृत वैमानिकाचे प्रेत आहे, ही सत्य वार्ता घेऊन तो येतो आणि वादळी काळोखात नाचणारी मुले त्यालाच पशू समजून ठार करतात. पुढे रात्रीच्याच वेळी पिगीचा चष्मा पळवला जातो.

प्रत्यक्षात रानडुक्कर आणि रात्र यांचे नाते जुने आहे. मनुष्यवस्तीलगत हा प्राणी बहुधा अंधारात पिकात उतरतो. म्हणूनच विदर्भातील शेतकरी जागलीला जातो, कोकणातील शेतकरी माळ्यावर बसून राखण करतो, डबे वाजवतो, शेकोटी पेटती ठेवतो. या जागरणाला निश्चित कारण असते आणि समोरचा प्राणी ओळखीचा असतो. गोल्डिंग यांच्या बेटावरील रात्रीत मात्र डुक्कर नाही. तेथे आहे ते केवळ भय. आणि भयाला स्वतःचे शरीर नसल्यामुळे ते समोर येईल त्या शरीरावर तुटून पडते. पिगीच्या मृत्यूचे वर्णन करताना लेखक मारलेल्या डुकराच्या अवयवांच्या थरथरीची उपमा योजतो, तर अखेरीस राल्फच्या पाठलागासाठी रॉजर दोन्ही टोकांना धार लावलेली काठी तयार ठेवतो. डुकरिणीचे मुंडके अशाच काठीवर खोचले होते. शिकारीची सारी साधने तीच राहतात. केवळ सावज बदलते.

कादंबरीची मर्यादा :
आर. एम. बॅलंटाइन यांच्या 'द कोरल आयलंड' या एकोणिसाव्या शतकातील कादंबरीचे गोल्डिंग यांनी जाणीवपूर्वक उलटे चित्र रेखाटले, हे सर्वश्रुत आहे. बॅलंटाइन यांचा पीटरकिनही डुकरीण मारतो. परंतु जोड्यांसाठी कातडे हवे, हे त्यामागील कारण तो सांगतो. गोल्डिंग यांनी हे निरागस कारण काढून घेतले, मात्र रंगवलेल्या चेहऱ्याचा 'रानटी' ही जुनी प्रतिमा तशीच ठेवली. इंग्रज मुले अधःपतित होतात म्हणजे ती 'टोळी' होतात, हे समीकरण कादंबरी कोठेही तपासत नाही.

हे समीकरण वस्तुस्थितीला धरून नाही. फासेपारधी समाजात जाळ्यात सापडलेली पाडसे व गाभण हरिणी सोडून देण्याची परंपरा होती, अशी नोंद माधव गाडगीळ यांनी केली आहे. ज्यांची उपजीविका शिकारीवर, त्यांनाच तिची मर्यादा अधिक कळते. याउलट सुसंस्कृत शाळेतील मुले पिल्लांना पाजणारी माता निवडून मारतात. ज्या साम्राज्याने पारध्यांसारख्या जमातींना कायद्याने 'गुन्हेगार' ठरवले आणि ज्या कायद्याचा शिक्का स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये पुसला गेला, त्याच साम्राज्याची ही मुले आहेत. हा विरोधाभास मराठी वाचकाने नजरेआड करू नये.

निष्कर्ष :
कादंबरीच्या शेवटी राल्फला बाहेर काढण्यासाठी लावलेल्या वणव्याचा धूर पाहून युद्धनौकेचा अधिकारी किनाऱ्यावर येतो. सुटकेसाठी राखलेला जाळ निरुपयोगी ठरतो आणि हत्येसाठी लावलेला वणवा तारक ठरतो. शिवाय तो अधिकारीही माणसांच्याच शिकारीवर निघालेला असतो. यावरून शिकारीची प्रवृत्ती हेच पापाचे मूळ, असा प्रचलित अर्थ अपुरा ठरतो. जॅकच्या टोळीत शिकार आहे, पण शिकारीचा नियम नाही. गरज संपल्यावर थांबणे नाही. गोल्डिंग यांनी मर्यादाहीन हत्येचे दर्शन अत्यंत प्रभावीपणे घडवले. मर्यादा पाळणाऱ्या शिकाऱ्याला मात्र त्यांच्या बेटावर जागा मिळाली नाही. या उणिवेची जाणीव ठेवून वाचल्यास कादंबरीचे सामर्थ्य कमी होत नाही; उलट तिचा आरोप नेमक्या माणसांपर्यंत पोहोचतो.