कोरा रकाना

भयकथा लिहिणाऱ्यांत एक समज रूढ झालेला दिसतो : वर्णन धूसर ठेवले की भय आपोआप उत्पन्न होते. मग ‘अवर्णनीय’, ‘अनामिक’, ‘शब्दातीत’ अशी विशेषणे पानोपानी पेरली जातात आणि वाचक निर्विकारपणे पान उलटतो. हा समज आम्हांस अपुरा वाटतो. टी. नरसीपूर तालुक्यातील एक आख्यायिका त्याचे कारण चांगले दाखवून देते.

कावेरी व कबिनी यांच्या संगमावर वसलेल्या या गावाच्या तालुक्यात तलकाडू आहे; जवळच मालंगी. 1610 साली राजा वोडेयर याने श्रीरंगपट्टण घेतले. पुढे विजयनगरच्या तेथील प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिचे दागिने आणण्यास त्याने शिपाई धाडले, तेव्हा तिने मालंगीपाशी कावेरीत उडी घेतली, असे सांगतात. मरताना तिने तीन शाप दिले : तलकाडू वाळूत जाईल, मालंगीचा डोह होईल, म्हैसूरच्या राजांना संतती होणार नाही.

यात अस्पष्ट काय आहे? गावे नेमकी आहेत, परिणामही नेमके आहेत. सांगितलेला नाही तो केवळ कर्ता. वाळू कोण आणणार, केव्हा आणि कोणत्या वाटेने? तेथे एखादा राक्षस उभा केला असता तर भय त्या राक्षसापुरतेच उरले असते. ती जागा मोकळी राहिली, म्हणून नदीवरून येणाऱ्या वाऱ्याचाही संशय येऊ लागतो.

एच. पी. लव्हक्राफ्ट याने हेच केले. ‘द कॉल ऑफ क्थुलू’ या 1928 साली प्रसिद्ध झालेल्या कथेत तो बुडालेल्या नगरीचे अक्षांश-रेखांश देतो. तारखा, जहाजांची नावे, वृत्तपत्रांतील कात्रणे मांडतो. त्या दैवताच्या लहानशा मूर्तीचे वर्णनही करतो. प्रत्यक्ष दर्शनापाशी मात्र साक्षीदाराची वाणी अडखळते. एवढा पुरावा आधी मांडलेला असतो, म्हणूनच ते अडखळणे आपण खरे मानतो. व्यंग्यार्थाला वाच्यार्थाचा आधार लागतो, हे आनंदवर्धनाने नवव्या शतकातच सांगून ठेवले आहे.

मराठीत नारायण धारपांना (1925–2008) हे मर्म उमगले होते. त्यांच्या कथांतील परिचित घरात शिरणारे अपरिचित सावट वाचकाला बेचैन करते. परंतु समर्थकथांत समर्थ येतात, अरिष्टाचे स्वरूप उलगडतात, उपाय योजतात. भयाची जागा दिलासा घेतो. वाचकप्रियतेच्या दृष्टीने हा लाभ असेल. भयानक रसाच्या दृष्टीने ती हानी होय.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा दिवस अहवाल लिहिण्यात जातो. तेथे एक रकाना कोरा राहिला तर वरून खुलासा मागवला जातो. भयकथाकाराने बाकीचे सर्व रकाने तितक्याच काटेकोरपणे भरावेत आणि एकच हेतुपुरस्सर कोरा ठेवावा. सगळेच कोरे ठेवणाऱ्याला आम्ही गूढ म्हणत नाही, आळशी म्हणतो.

तलकाडूच्या वाळूची कारणे आज अभ्यासकांनी दिली आहेत : कावेरीचे वळण, चौदाव्या शतकातील बंधारा, उन्हाळी वारा. म्हैसूरच्या राजघराण्यात 2017 साली पुत्रजन्मही झाला. तरीही वाळूतून कीर्तिनारायणाच्या देवळाकडे जाताना आमच्यापैकी कोणीच फारसे बोलले नाही.