सुपारी वगाची द्या

ओझरच्या विघ्नहराचं दर्शन आटोपलं की अष्टविनायकाच्या गाड्या लेण्याद्रीची वाट धरतात. कुकडीचा काठ, दोन दगडी दीपमाळा, येडगाव धरणाचं पसरलेलं पाणी एवढं डोळ्यांत साठवून लोक पुढे जातात. पण गणपतीचं नाव घेतल्याशिवाय जो उभा राहत नाही, असा एक खेळ इथून दहा-बारा किलोमीटरवर, नारायणगावात, आपल्या तारखा ठरवायला बसलेला असतो. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच.

गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नावाचा फलक, आत गादीवर मॅनेजर आणि त्याच्यापुढे तारखांची वही. जुन्नर, आंबेगाव, खेडच नव्हे, तर नगर-नाशिककडच्या गावांच्याही यात्रा कमिट्या येतात, चहा होतो, घासाघीस होते, सुपारी ठरते आणि इसार दिला जातो. नावाजलेल्या फडाची सुपारी आता दोन-तीन लाखांच्या घरात जाते. काळाष्टमीसारख्या तारखेला गावोगावच्या भैरवनाथाच्या यात्रा एकाच रात्री येतात, तेव्हा भाव आणखी चढतो. पैसा लोकवर्गणीचा असतो. घरटी पट्टी काढून जमवलेल्या रकमेतून मांडवडहाळे, शेरणी, बैलगाडे, कुस्त्यांची इनामं आणि तमाशा हे सगळं भागवायचं असतं. एवढे पैसे एका रात्रीवर घालावेत का, हा प्रश्न कमिटीत दरवर्षी निघतो आणि तो निघणं रास्तच आहे.

राहुटीत बसल्यावर मात्र विचारलं जातं ते असं : मुली किती, गाणी कोणती, लाइट-साऊंड कसा? वग, म्हणजे खेळातलं शेवटचं नाट्य, कोणता लावणार हे क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते या व्यवहारातला खरा प्रश्न तोच आहे. सुपारी फिटते की नाही हे ठरवायचं तर फडाची रात्र गणापासून वगापर्यंत क्रमाने वाचावी लागते.

सुरुवात गणाची. त्याआधी ढोलकी आणि हलगीची सलामी. ढोलकीवाला कमरेला ढोलकी बांधून उभ्याने वाजवतो. उजव्या हाताची बोटं शाईवर टणत्कार काढतात आणि डावा तळवा धुम्मावर घासत खोल घुमारा उठवतो. समोर हलगीवाला. त्याची हलगी जाळावर शेकून चढवलेली, म्हणून तिचा आवाज कोरडा आणि धारदार. एकाने बोल टाकायचा, दुसऱ्याने तो उचलून दुप्पट लयीत परत करायचा. जाणत्या प्रेक्षकाला फडाची प्रत इथेच कळते. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत वाजवत असतील तर फड जिवंत आहे. दोघांची नजर प्रेक्षकांत भिरभिरत असेल तर पुढच्या रात्रीचा अंदाज बांधावा. मग तुणतुण्याचा एकतारी सूर लागतो, शाहीर गणाची ओळ टाकतो आणि मागचे सुरते वरच्या पट्टीत झील धरतात.

हा गण कुणाच्या तोंडून येतो, तेही पाहिलं पाहिजे. नारायणगावच्या ज्या घराण्याने तमाशा गाजवला त्याचं नाव फलकावर जातीसकट लागत असे : भाऊ-बापू मांग नारायणगावकर. तमाशा वाढवला तो मुख्यतः मांग, महार, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी. ज्यांना शतकानुशतकं देवळाची पायरी वर्ज्य होती, त्यांनी चैत्राच्या प्रत्येक रात्री गणपतीला पहिलं आवाहन केलं आणि सगळा गाव ते ऐकायला समोर बसला. ओझरच्या देवळाला वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी वैभव दिलं, असं परंपरा सांगते. त्याच विघ्नहर्त्याला फडावर उभं करणाऱ्या या गळ्यांचा उल्लेख देवस्थानांच्या कथांत येत नाही. तो रसिकाने मनात ठेवावा.

गणामागून गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची म्होरकी मावशी, वाटेत आडवे आलेले कृष्ण आणि पेंद्या. सगळी कथा एवढीच, आणि ती सगळ्यांना पाठ असते. तरी तमाशाची खरी करामत इथे आहे, कारण या भागाचे संवाद कागदावर नसतात. मावशीचं काम बहुधा पुरुष करतो. डोक्यावरून पदर, कमरेवर हात आणि तोंडाचा पट्टा चालू. कृष्ण वाटेचा कर मागतो आणि मावशी त्याला हिशेब विचारते. हिशेब गोकुळातून सुटतो तो थेट त्या गावच्या ग्रामपंचायतीत येऊन पोचतो. अडलेला पाण्याचा टँकर, पडलेला कांद्याचा भाव, बिबट्याच्या भीतीने रात्री उसाला पाणी द्यायला न जाणारा गडी, कागदावर झालेला आणि जमिनीवर न झालेला रस्ता, सगळं दोन वाक्यांच्या फटीतून आत शिरतं. पुढच्या रांगेत सरपंच बसलेले असतात आणि तेही हसतात. यालाच बतावणी म्हणायचं. फडाच्या सरदाराने सरळ बोलायचं, सोंगाड्याने त्यातला एक शब्द उलटा पकडायचा आणि तो सोडायचा नाही. सोंगाड्या चांगला असेल तर संध्याकाळी फडाच्या गाड्या गावात शिरल्यापासून तो कानोसा घेत फिरतो. पाण्याच्या टाकीपाशी, चहाच्या टपरीवर, पारावर. रात्री जे हशे मिळतात त्यांची पेरणी संध्याकाळीच झालेली असते.

पॅरिसला जाणारे आपले पर्यटक मुलँ रूझ या कॅबरेचा खेळ पैसे मोजून पाहावा की नाही, याचा यात्रा कमिटीसारखाच खल करतात. १८८९ साली उघडलेली ती जागा. तिकीट शंभर युरोच्या घरात किंवा वर. तिथे जे मिळतं ते नेटकं असतं : पिसांचे मुकुट, घड्याळाच्या काट्यावर पडणारी पावलं, कॅनकॅनच्या उड्या. पण १९९९ पासून तिथे एकच खेळ चालू आहे आणि आज पाहिलेला खेळ उद्याही तसाच दिसणार, हीच त्याची हमी असते. तमाशाची हमी नेमकी उलटी आहे. आज पिंपळवंडीत झालेली बतावणी उद्या मंचरला होणार नाही, कारण मंचरचा रस्ता वेगळा आणि मंचरचं दुखणंही वेगळं. गावाने दिलेल्या सुपारीत ही एक गोष्ट खास त्याच गावासाठी घडलेली असते, आणि ती दुसरीकडे कुठेही विकत मिळत नाही.

मग रंगबाजी. लोकांना तमाशा म्हटलं की हाच भाग आठवतो, आणि गेल्या काही वर्षांत इथेच सगळ्यात जास्त पडझड झाली आहे. लावणीच्या जागी ध्वनिमुद्रित सिनेगीतं, ढोलकीच्या जागी स्पीकरची धडधड आणि नाच म्हणजे पडद्यावर पाहिलेल्या हालचालींची नक्कल. यात मला रस नाही. असा नाच ऑर्केस्ट्रात याहून स्वस्तात मिळतो. लावणी मात्र रंगात आली तर ती शरीराच्या आधी शब्दांत घडते. नऊवारीतली नर्तकी एक ओळ गाते, तीच ओळ पुन्हा घेते, आणि दुसऱ्या वेळी नुसत्या भुवईने तिचा अर्थ पालटते. पाय थांबलेले असतात आणि घुंगरांतला एकच सर बोलत असतो. ढोलकीवाला तेव्हा मुद्दाम हात राखतो. ती समेवर आली की सगळं एकदम कोसळतं. ज्या फडात ओळ नर्तकीच्या स्वतःच्या गळ्यातून येते, तिथे रंगबाजीचे पैसे फिटले म्हणून खुशाल समजावं.

आणि शेवटी वग. उमा-बाबू सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानतात, साल १८६५. तेव्हापासून राजा-राणीचे, ऐतिहासिक, सामाजिक, दरोडेखोरांचे असे शेकडो वग झाले. कवलापूरच्या काळू-बाळूंनी ‘जहरी प्याला’ या वगात जुळ्या हवालदारांच्या जोडीने महाराष्ट्र हसवला. ते दोन हवालदार कायद्याचे रखवालदार होते आणि कायद्याला घाबरलेली साधी माणसंही होती. म्हणूनच समोरच्या शेतकऱ्याला ते आपले वाटले. चांगल्या वगात हेच घडतं. मघाशी लावणी नाचलेली बाई आता राणी होऊन न्याय मागते, मघाचा पेंद्या प्रधान होऊन राजाचे कान भरतो. नेपथ्य म्हणजे रंगवलेला एक पडदा. वाक्य अडलं तर ढोलकी सावरते, प्रसंग लांबला तर सोंगाड्या तोडतो. पहाटेच्या थंडीत घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा खलनायकाला मोठ्याने शिवी हासडतो, तेव्हा नाटक प्रेक्षकांत शिरलेलं असतं.

पण वग सुरू व्हायचा तो मध्यरात्रीनंतर, आणि आता मध्यरात्रच फडाला मिळेनाशी झाली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सवलतीचे दिवस मोजके, तेही बारापर्यंतच. नियमामागचं कारण मी नाकारत नाही. परिणाम मात्र असा झाला की पालखी आणि छबिन्याला उशीर होतो, सत्कार-भाषणांत तास जातो, आणि उरलेल्या वेळात फड गाणी उरकतो. कापला जातो तो वग. म्हणजे गाव पूर्ण सुपारी मोजतं आणि अर्ध्याहून कमी तमाशा पाहतं. मग ‘तमाशात आता राम राहिला नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन : तुम्ही वग शेवटचा कधी पाहिलात?

सुपारीच्या रकमेची दुसरी बाजूही पाहू. मोठ्या फडात सत्तर-ऐंशी माणसं सहज असतात. नाचणाऱ्या आणि गाणाऱ्या, वादक, सोंगाडे, तंबू ठोकणारे बिगारी, ड्रायव्हर, आचारी. ट्रक, जनरेटर, डिझेल. पावसाळ्यात खेळ बंद असतात, तेव्हा कलावंत उचल घेऊन दिवस काढतात आणि दसऱ्याला फड उभा राहतो तो कर्ज डोक्यावर घेऊनच. सगळी भिस्त चैत्र-वैशाखातल्या यात्रांवर. २०२० आणि २०२१ हे दोन्ही हंगाम करोनात बुडाले, त्यातून पुष्कळ फड अजून वर आलेले नाहीत.

तमाशा कलावती विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट जुन्नर तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, कनातीमागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर येऊन उभ्या राहिल्या. ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात, आणि ती शौर्याची आहेच. पण खेळ मोडला तर सुपारी बुडेल आणि सुपारी बुडाली तर एवढी माणसं उपाशी राहतील, हा धाकही त्या गोष्टीत आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेल्या या कलावतीची अखेरची वर्षं हलाखीत गेली आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. आज राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी फडाचा वारसा पुढे चालवला. कमिटीत बसून दहा हजार कमी करा म्हणून हटून बसताना हा हिशेबही समोर असावा.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. रात्रीचा रंग उतरवून कलावंत देवळापुढे उभे राहतात. विजेचा झगमगाट नसतो, समोर गाव उन्हात बसलेलं. ढोलकी, तुणतुणं आणि गळा एवढ्यावर गवळण आणि लावणी होते, मानकऱ्यांचे फेटे बांधले जातात, फर्माइशी होतात, आणि मग लोक कुस्त्यांच्या आखाड्याकडे निघतात. फडाची खरी परीक्षा ही. रात्री स्पीकरने झाकलेलं सगळं सकाळी उघडं पडतं, आणि जो फड हजेरीला टिकतो तो कुठल्याही सुपारीला पात्र असतो.

तेव्हा माझा कौल स्पष्ट आहे. तुकडे करून नुसत्या गाण्यांचा कार्यक्रम घ्यायचा असेल तर तमाशाला लाखो रुपये देऊ नका. ते पैसे गावाच्याही कामी येत नाहीत आणि कलेच्याही. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा सबंध खेळ घेणार असाल तर दोन-तीन लाख जास्त नाहीत. गावातल्या हजार-दोन हजार माणसांवर ती रक्कम वाटली तर माणशी खर्च सिनेमाच्या एका तिकिटाइतकाच येतो, आणि त्यात तुमच्याच गावावर त्या दिवशी रचलेली बतावणी असते.

यात्रा कमिटीच्या मंडळींना माझी विनंती आहे. राहुटीत इसार देण्याआधी वगाचं नाव विचारा आणि ते वहीत लिहून घ्या. सत्कार संध्याकाळीच उरका. पडदा आठला उघडेल असं पाहा, म्हणजे बारापर्यंतची परवानगी असेल तिथे वगाला दीड तास तरी मिळेल. हजेरी गाळू नका.

आणि चैत्रात ओझर-लेण्याद्रीला येणाऱ्यांनो, मुक्काम एका रात्रीने वाढवा. आसपासच्या कोणत्या गावची यात्रा आहे ते देवळाबाहेरच्या हारवाल्याला विचारा, तो सांगेल. सुपारीच्या खेळाला पाहुण्याला तिकीट नसतं. गावाने पैसे आधीच मोजलेले असतात. सतरंजी घेऊन जा, शक्य तितकं पुढे बसा आणि वग संपेपर्यंत उठू नका.